विरजण आणि भक्षक पेशी : इल्या मेचनिकोव्ह यांचे चरित्र

शावुओतचा सण आला की घरोघरी दुधाचे पदार्थ होतात. आदल्या रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालायचे, भांडे झाकून उबेला ठेवायचे आणि सकाळी घट्ट दही काढायचे, हे काम बेने इस्राएल घरांतल्या आज्या आणि पणज्या कोकणात करत होत्या, मुंबईत करत होत्या आणि इस्राएलमध्ये आल्यावरही करत राहिल्या. मांसाच्या जेवणात दह्याला जागा नाही. तिथे नारळाचे दूध चालते. पण खिचडीबरोबर, भाताबरोबर, पोट बिघडले असताना, उन्हातून आल्यावर दही नाहीतर ताक हवेच.

त्या चमचाभर विरजणात कोट्यवधी जिवंत जंतू असतात. जंतू म्हटले की रोग आठवतो. पण काही जंतू माणसाच्या आतड्यात मित्रासारखे राहू शकतील, शरीरातला दाह कमी करतील आणि म्हातारपण सुसह्य करतील, असा विचार शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने जगासमोर ठामपणे मांडला. त्यांचे नाव इल्या इलिच मेचनिकोव्ह. त्यांच्या आयुष्याचा पहिला मोठा शोध शरीराच्या रक्षकांविषयी होता. उत्तर आयुष्यात त्यांना त्याच रक्षकांची भीती वाटू लागली. दह्याकडे ते वळले ते या भीतीमुळे.

बालपण आणि घराणे

इल्याचा जन्म मे १८४५ मध्ये खारकिव्ह शहराच्या परिसरातील इवानोव्का या गावी झाला. तो प्रदेश तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. वडील इल्या इवानोविच हे झारच्या सैन्यातले अधिकारी आणि जमीनदार होते. आई एमिलिया ही यहुदी घराण्यातली. तिचे वडील येहुदा लेब नेवाखोविच यांनी १८०३ साली यहुद्यांच्या बाजूने रशियन भाषेत पुस्तक लिहिले. यहुदी लेखकाने रशियन भाषेत लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. पुढे मात्र नेवाखोविच यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे इल्या सिनेगॉगच्या वातावरणात वाढला नाही, आणि मोठेपणी तो कोणताच धर्म मानत नव्हता. यहुदी शास्त्रज्ञांच्या यादीत त्याचे नाव घेतले जाते ते आईकडच्या रक्तामुळे.

पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटा होता. तो चंचल, हळवा आणि विलक्षण चौकस होता. लहानपणीच त्याला झाडे-पाने आणि किडे गोळा करण्याचा नाद लागला. तो भावंडांना आणि शेजारच्या मुलांना बसवून निसर्गावर भाषण देई, आणि त्यांनी उठून जाऊ नये म्हणून आपल्या खाऊचे पैसे त्यांना वाटी. पुढे त्याला वैद्यकीचे शिक्षण घ्यावेसे वाटले, तेव्हा आईने त्याला परावृत्त केले. माणसांचे दुःख रोज पाहणे या मुलाला झेपणार नाही, असे तिला वाटले. म्हणून तो प्राणिशास्त्राकडे वळला. खारकिव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत संपवला आणि १८६४ साली, एकोणिसाव्या वर्षी, तो पदवीधर झाला.

त्यानंतर तो जर्मनीत आणि इटलीत शिकला. १८६५ साली जर्मनीत गीसेन येथे एका चपट्या कृमीचा अभ्यास करताना त्याला दिसले की या कृमीत अन्न पेशींच्या बाहेर पचत नाही. पेशी स्वतःच अन्नाचा कण गिळतात आणि आत पचवतात. तेव्हा ही गोष्ट लहानशी वाटली. सतरा वर्षांनी तिचे महत्त्व कळणार होते.

दोन मोठी दुःखे

१८६९ साली मेचनिकोव्ह यांनी ल्युडमिला फेडोरोविच या तरुणीशी लग्न केले. तिला क्षयरोग होता. लग्नाच्या दिवशी ती इतकी अशक्त होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पुढची चार वर्षे मेचनिकोव्ह यांनी शिकवणे, भाषांतरे करणे आणि पत्नीची सेवा यांतच घालवली. उबदार हवेसाठी तिला मदिरा बेटावर नेले, पण उपयोग झाला नाही. १८७३ साली ती वारली. क्षयाचा जंतू सापडायला अजून नऊ वर्षे होती. डॉक्टरांच्या हातात काहीच नव्हते.

मेचनिकोव्ह खचून गेले. डोळ्यांचे दुखणे इतके वाढले होते की सूक्ष्मदर्शकात पाहणेही कठीण झाले होते. त्यांनी आपले जीवन संपवण्याचा प्रयत्न केला, पण ते वाचले. त्यांच्या दुसऱ्या पत्नीने, ओल्गाने, लिहिलेल्या चरित्रात सांगितले आहे की त्या दिवसांत एका संध्याकाळी त्यांना दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे दिसले. इतक्या अल्पायुषी जीवांना निसर्गातली निवड कशी लागू पडत असेल, हा प्रश्न मनात आला, आणि त्या प्रश्नाने त्यांना पुन्हा कामाकडे ओढून आणले.

१८७५ साली ओदेसा येथे त्यांनी ओल्गा बेलोकोपितोवा हिच्याशी लग्न केले. १८८० साली ओल्गाला विषमज्वर झाला आणि ती मरणाच्या दारातून परत आली. त्याच काळात रशियात राजकीय वादळ उठले. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली, विद्यापीठावर सरकारचा दाब वाढला आणि दक्षिण रशियात यहुद्यांवर हल्ले सुरू झाले. मेचनिकोव्ह पुन्हा निराशेत बुडाले. उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचे रक्त त्यांनी स्वतःला टोचून घेतले आणि ते फार आजारी पडले. याही वेळी ते वाचले, आणि या दुखण्यातून उठल्यावर मात्र त्यांच्या मनात जगण्याची ओढ जागी झाली. माणूस आजारातून बरा होतो तो कसा, हा प्रश्न आता त्यांच्यासाठी केवळ पुस्तकातला राहिला नव्हता.

गुलाबाचा काटा

१८८२ साली त्यांनी विद्यापीठाचा राजीनामा दिला आणि ओल्गा व तिची धाकटी भावंडे यांना घेऊन ते सिसिली बेटावरील मेसिना शहरात राहायला गेले. एके दिवशी घरातली सगळी मंडळी शिकवलेली माकडे पाहायला सर्कशीला गेली होती. मेचनिकोव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. समोर तारामाशाचे पिल्लू होते, काचेसारखे पारदर्शक. त्याच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या.

त्यांच्या मनात आले: या फिरत्या पेशी अन्न गिळतात, तशाच शरीरात घुसलेल्या शत्रूलाही गिळत असतील का? तसे असेल तर या पिल्लाच्या अंगात काटा खुपसला की पेशी धावून येतील, जशी माणसाच्या बोटात काटा मोडला की तिथे पू धरतो. घराच्या बागेतून त्यांनी गुलाबाचे काटे तोडून आणले आणि पिल्लांच्या अंगात हळूच टोचले. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता.

या साध्या प्रयोगाचे महत्त्व समजून घ्यायला हवे. जखमेच्या जागी लाली येते, सूज येते, तिथे गरम लागते आणि दुखते. या अवस्थेला दाह म्हणतात. त्या काळी दाह म्हणजे रक्तवाहिन्यांचा बिघाड, असे वैद्य मानत. रोग्याच्या पांढऱ्या पेशींत जंतू दिसत, पण त्याचा अर्थ बहुतेक जण उलटा लावत: या पेशी जंतूंना अंगभर पसरवतात, असे त्यांना वाटे. तारामाशाच्या पिल्लाला तर रक्तवाहिन्याच नाहीत, तरीही पेशी काट्याकडे धावल्या. म्हणजे दाहाचे मूळ रक्तवाहिन्यांत नव्हते. पेशी शत्रूवर चाल करून जातात, ही त्यातली मूळ गोष्ट होती. दाह हा शरीराने केलेला बचाव होता.

पुढच्या वर्षी व्हिएन्नाचे प्राध्यापक कार्ल क्लाउस यांनी या पेशींसाठी ग्रीक शब्दांवरून फॅगोसाइट हे नाव सुचवले. मराठीत त्यांना भक्षक पेशी म्हणतात. १८८४ साली मेचनिकोव्ह यांनी डॅफ्निया नावाच्या पाण्यातल्या बारीक पारदर्शक जीवात हे युद्ध प्रत्यक्ष दाखवले. बुरशीचे टोकदार बीजाणू त्याच्या अंगात शिरले की भक्षक पेशी त्यांना घेरत. पेशींची सरशी झाली तर जीव वाचे, बुरशीची झाली तर तो मरे.

ओदेसाचा विद्यार्थी आणि मुंबईचा प्लेग

ओदेसाच्या विद्यापीठात मेचनिकोव्ह यांचा एक यहुदी विद्यार्थी होता, व्लादिमिर हाफकिन. १८८१ च्या हल्ल्यांत तो यहुदी वस्तीच्या रक्षणासाठी उभा राहिला, जखमी झाला आणि पकडला गेला. मेचनिकोव्ह यांनी खटपट करून त्याला सोडवले. धर्म बदलला असता तर हाफकिनला विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळाली असती. त्याने धर्म बदलला नाही.

१८८६ साली ओदेसा शहराने जंतुशास्त्राची प्रयोगशाळा काढली आणि मेचनिकोव्ह तिचे प्रमुख झाले. पण ते वैद्य नव्हते, म्हणून स्थानिक डॉक्टर त्यांच्यावर टीका करत, आणि अधिकाऱ्यांच्या अडथळ्यांमुळे काम पुढे सरकेना. १८८८ साली त्यांनी देश सोडला. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी आपल्या नव्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा दिली. तिथे ते अखेरपर्यंत राहिले.

लवकरच हाफकिनही गुरूच्या मागोमाग पॅरिसला आला. पाश्चर संस्थेत त्याला आधी ग्रंथपालाचे काम मिळाले. उरलेल्या वेळात प्रयोग करून त्याने १८९२ साली पटकीची लस तयार केली आणि स्वतःला टोचून घेतली. १८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग आला, तेव्हा हाफकिन यांना तिथे बोलावण्यात आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःला टोचली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. मुंबईत राहिलेल्या जुन्या पिढीला परळचे हाफकिन इन्स्टिट्यूट ठाऊक आहे. त्या नावामागे ओदेसाचे हे गुरुशिष्य आहेत.

वाद आणि नोबेल

पॅरिसमध्ये मेचनिकोव्ह यांनी १८९१ साली दाहावर व्याख्याने दिली आणि पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपाने आली. अमीबापासून माणसापर्यंत दाहाची गोष्ट त्यांनी एका सूत्रात ओवली.

जर्मनीतल्या शास्त्रज्ञांना हे पटत नव्हते. १८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवले की रक्ताच्या पाण्यातच विषाला निकामी करणारे पदार्थ असतात. मग पेशींची गरज काय, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद अनेक वर्षे चालला. शेवटी दोन्ही बाजू खऱ्या ठरल्या: रक्तातले प्रतिपदार्थ जंतूंवर खूण करतात आणि भक्षक पेशींना त्यांचा फडशा पाडणे सोपे जाते. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक म्हणूनच दोघांना विभागून मिळाले, मेचनिकोव्ह यांना आणि जर्मनीचे यहुदी शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांना.

रक्षकच भक्षक झाले तर

वय वाढले तसे मेचनिकोव्ह यांचे लक्ष म्हातारपणाकडे वळले. ज्या माणसाने दोनदा मरण जवळ केले होते, तोच आता माणसाने अधिक काळ आणि आनंदाने कसे जगावे याचा विचार करू लागला. वार्धक्याच्या अभ्यासाला जेरोंटॉलॉजी हे नाव त्यांनीच १९०३ साली दिले.

सूक्ष्मदर्शकात त्यांना दिसले की म्हाताऱ्या प्राण्यांच्या मेंदूत आणि इतर अवयवांत भक्षक पेशी स्वतःच्याच शरीरातल्या पेशींभोवती जमतात. केस पिकतात तेही या पेशी केसातला रंग खाऊन टाकतात म्हणून, असे त्यांचे मत झाले. ज्या शिपायांना त्यांनी जगासमोर वीर म्हणून उभे केले होते, तेच आता घर लुटताना दिसत होते. कुंपणच शेत खाते म्हणतात, तसा हा प्रकार होता.

शिपाई असे का बिथरतात? मेचनिकोव्ह यांचे उत्तर होते: मोठ्या आतड्यामुळे. तिथे अन्नाचा उरलेला भाग बराच वेळ पडून राहतो, कुजवणारे जंतू त्यातून विषारी पदार्थ तयार करतात, ते रक्तात मिसळतात, नाजूक पेशींना दुबळे करतात आणि भक्षक पेशींना चिथावतात. मग उपाय काय? दूध नुसते ठेवले तर नासते, पण विरजण लावले तर दही होते आणि टिकते. कारण विरजणातले जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात कुजवणारे जंतू वाढत नाहीत. भांड्यात जे घडते ते आतड्यातही घडवता येईल, असा त्यांचा तर्क होता.

बल्गेरियात आंबट दूध भरपूर खाल्ले जाते आणि तिथे पुष्कळ माणसे शंभरी गाठतात, असे त्या वेळी बोलले जात होते. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हा येथे त्या दह्यातला काडीसारखा जंतू वेगळा करून दाखवला. मेचनिकोव्ह यांना आपल्या तर्काला आधार सापडला. १९०७ साली त्यांनी दीर्घायुष्यावर आशावादी निबंधांचे पुस्तक काढले. ते स्वतः रोज आंबट दूध घेत आणि कच्चे अन्न टाळत.

हा विचार वणव्यासारखा पसरला. पॅरिस, लंडन आणि अमेरिकेत दही औषधासारखे विकले जाऊ लागले. दह्याच्या जंतूंच्या गोळ्या निघाल्या. काही शस्त्रवैद्य तर याही पुढे जाऊन रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढू लागले. मेचनिकोव्ह यांनी दह्याला संजीवनी म्हटले नव्हते, ती शक्यता म्हणून मांडली होती. पण बाजाराला शक्यता विकता येत नाही, त्याला खात्री लागते.

१९१९ साली बार्सिलोना शहरात आयझॅक कारासो या सालोनिकाच्या सेफार्दी यहुद्याने पाश्चर संस्थेतून आणलेल्या विरजणावर दही बनवायला सुरुवात केली आणि ते औषधांच्या दुकानांतून विकले. मुलगा डॅनियल याच्या लाडक्या नावावरून त्याने त्या दह्याला दानोन हे नाव दिले. आज ते जगभर ओळखले जाते.

शेवटची वर्षे

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. पाश्चर संस्थेतले तरुण शास्त्रज्ञ आघाडीवर गेले आणि प्रयोगशाळा ओस पडल्या. विज्ञानाने माणूस शहाणा होईल, असा विश्वास बाळगणाऱ्या मेचनिकोव्ह यांना या युद्धाचा जबर धक्का बसला. हृदय आधीच दुबळे झाले होते. जुलै १९१६ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते पॅरिसमध्ये वारले. त्यांनी शंभरी गाठली नाही, म्हणून त्यांच्या दह्याची थट्टाही झाली. त्यांच्या अस्थी आजही पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात एका कलशात ठेवलेल्या आहेत.

ते कुठे बरोबर होते, कुठे चुकले

मेचनिकोव्ह यांच्यामागून पुढच्या शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले, तेव्हा बल्गेरियन दह्यातला जंतू माणसाच्या आतड्यात घर करून राहत नाही असे आढळले. मोठे आतडे म्हणजे विषाची कोठी, हे मतही टिकले नाही. उलट तिथल्या जंतूंचा मोठा भाग उपयोगी आहे, हे कळले.

पण त्यांच्या तर्काचा गाभा खरा होता. आतड्यातले जंतू आणि शरीराचे रक्षक यांचा सतत संवाद चालतो. आतड्याचे अस्तर केवळ एका पेशीइतके जाड असते. या पेशी चारपाच दिवसांत शिस्तीत मरतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. याला नियोजित पेशीमृत्यू म्हणतात, आणि तो आरोग्याचाच भाग आहे. मात्र दाह वाढला की भक्षक पेशी आणि त्यांचे सोबती टीएनएफसारखे रासायनिक निरोप मोठ्या प्रमाणात सोडतात. त्या निरोपांमुळे अस्तराच्या पेशी वेळेआधीच मरू लागतात. भिंतीला भोके पडतात, आतले जंतू पलीकडे जातात, त्यांना पाहून रक्षक अधिक भडकतात आणि आणखी पेशी मरतात. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की थांबवणे कठीण असते.

उपयोगी जंतू हे चक्र अनेक ठिकाणी अडवू शकतात. ते जागा आणि अन्न व्यापून वाईट जंतूंना टिकू देत नाहीत. आम्ल तयार करतात. आतड्यातले काही जंतू भाज्या आणि कडधान्यांतल्या तंतूंपासून ब्युटिरेट नावाचा पदार्थ बनवतात. तो मोठ्या आतड्याच्या पेशींचे मुख्य इंधन आहे आणि तो दाहही शांत करतो. काही जंतू अस्तराच्या पेशींमधले सांधे घट्ट करतात. काही जंतू रक्षकांना शांत राहण्याचा निरोप देणारे पदार्थ वाढवतात. लॅक्टोबॅसिलस कुळातला एक जंतू अमेरिकेत फार अभ्यासला गेला आहे. तो सोडत असलेली प्रथिने अस्तराच्या पेशींना टीएनएफमुळे येणाऱ्या अकाली मरणापासून वाचवतात, असे प्रयोगशाळेत आणि उंदरांत दिसून आले. मेचनिकोव्ह यांनी जे धूसरपणे पाहिले होते, ते इथे रेणूंच्या भाषेत उमटले.

तरी उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे. असे जंतू पुरेशा प्रमाणात दिले असता आरोग्याला फायदा होतो तेव्हाच त्यांना प्रोबायोटिक म्हणावे, असे २००१ साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी ठरवले. माणसांत काही ठरावीक ठिकाणी, जसे अँटिबायोटिकमुळे लागणारे जुलाब टाळण्यासाठी, काही जंतूंचा उपयोग दिसला आहे. पण एका जंतूचा गुण दुसऱ्यात असेलच असे नाही. २०१८ साली रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले की प्रोबायोटिक जंतू काहींच्या आतड्यात वस्ती करतात, तर काहींच्या आतड्यातून तसेच निघून जातात. अँटिबायोटिकनंतर ते घेतल्यास माणसाच्या मूळ जंतूंना परत यायला उशीरही लागू शकतो, असेही त्यांना आढळले. ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी झाली आहे अशा रोग्यांना किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असे जंतू डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, कारण त्यांच्यात मित्रजंतूही अपाय करू शकतात.

घरच्या दह्याला यामुळे कमीपणा येत नाही. ताजे दही आणि ताक हे चांगले अन्न आहे. कढी उकळली की त्यातले जंतू मरतात, तरी कढीही अन्न म्हणून चांगलीच. फक्त वाटीभर दही म्हणजे औषध नव्हे, आणि दुकानातली महागडी गोळी म्हणजे दीर्घायुष्याची हमी नव्हे.

मेचनिकोव्ह यांच्या चुका त्यांच्यानंतर आलेल्यांनी सुधारल्या, आणि त्यांनीही बहुधा तेच केले असते. कारण काटा टोचून सकाळपर्यंत वाट पाहणे, हीच त्यांची रीत होती. क्षयाने पत्नी गेली तेव्हा शरीर स्वतःचा बचाव कसा करते हे कोणालाच माहीत नव्हते. ते मेले तेव्हा जगाला त्याची वाट सापडली होती. रात्री विरजण लावताना दुधात नेमके काय घडणार हे आजीला माहीत नसे, पण उबेला ठेवले आणि धीर धरला तर सकाळी दही लागते, हे तिला पक्के ठाऊक असे.

वर्गात बोलण्यासाठी

१. तारामाशाच्या पिल्लाला रक्तवाहिन्या नव्हत्या, ही गोष्ट मेचनिकोव्ह यांच्या शोधासाठी महत्त्वाची का ठरली?

२. भक्षक पेशींविषयी मेचनिकोव्ह यांचे मत तरुणपणी काय होते आणि उतारवयात त्यात काय भर पडली?

३. हाफकिन यांनी ओदेसात कोणती गोष्ट सोडायला नकार दिला? मुंबईच्या इतिहासात त्यांचे स्थान काय आहे?

४. घरातल्या वडील माणसांना विचारा: गावी विरजण कसे लावत? थंडीत दही लागावे म्हणून काय करत? उत्तर मराठीत पाच-सहा वाक्यांत लिहून आणा.